शाळेच्या हेल्थ कार्डावर बीएमआयचा रकाना हवाच कशाला?

सिंहगड रोडची आई
शाळेत हेल्थ चेकअप झालं, त्याचं कार्ड काल घरी आलं. मुलगी दुसरीत, सात वर्षांची, उंची 122, वजन 22, बीएमआय (म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) 14.8 आणि पुढे लाल पेनाने 'अंडरवेट'. मुलगा सहावीत, अकरा वर्षांचा, उंची 145, वजन 48, बीएमआय 22.8 आणि पुढे 'नॉर्मल'. आता आमच्या घरात कुणालाही विचारा, बरोबर उलटं सांगेल. पोरगी दिवसभर सोसायटीच्या ग्राउंडवर उंडारत असते आणि चिरंजीवांची युनिफॉर्मची पँट यावर्षी दुसऱ्यांदा कमरेत बसेना झालीय. शाळेने केलंय काय, तर मोठ्या माणसांचा तक्ता लावलाय, 18.5 च्या खाली अंडरवेट आणि 25 पर्यंत नॉर्मल. मुलांना तो चालतच नाही. मुलांचा बीएमआय पहिल्या वाढदिवसानंतर खाली येत जातो, पाच-सहा वर्षांच्या आसपास सगळ्यात कमी असतो आणि मग परत चढायला लागतो, म्हणून वय बघून, मुलगा की मुलगी ते बघून ग्रोथ चार्टवर टिंब काढायचं असतं. सात वर्षांच्या मुलीला 14.8 एकदम ठीक आहे आणि अकराच्या मुलाला 22.8 जास्त आहे. पण सासूबाईंनी ते लाल पेन बघितलं मात्र, तेव्हापासून नातीच्या मागे डिंकाचे लाडू आणि नातवाला शाबासकी. माझं मत सरळ आहे, नीट जमत नसेल तर हा रकाना काढून टाका, वजन-उंची तेवढी लिहा, बाकी आमचं आम्ही डॉक्टरांकडे बघू.

कोथरूडकर बाबा
ताई, तक्ता चुकला हे शंभर टक्के मान्य पण मग तक्ता बदला ना, रकाना कशाला काढायचा? इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्सने, म्हणजे बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, 2015 मध्ये 5 ते 18 वयाच्या भारतीय मुलांचे चार्ट काढलेत, त्या कामात आपल्या पुण्याचेच डॉ. वामन खाडिलकर पुढे होते. त्यात ओव्हरवेटची रेघ मोठेपणीच्या बीएमआय 23 ला जाऊन मिळते आणि लठ्ठपणाची 27 ला, 25 आणि 30 ला नाही. कारण आपल्याकडे कमी वजनातच चरबी जास्त भरते. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. याज्ञिक माहिती असतीलच, 2004 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि त्यांच्या ब्रिटिश सहकाऱ्याचा शेजारी शेजारी फोटो आला होता, दोघांचाही बीएमआय 22.3, पण ब्रिटिश डॉक्टरच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2 टक्के.
तुम्हाला पँटवरून कळलं, बरं झालं, पण 'खात्यापित्या घरचा आहे हो आमचा बाळ' म्हणणारी घरं कमी आहेत का इथे? त्यांना कागदावरच दाखवावं लागतं.

पेठेतला काडीपैलवान
बाबा, तुम्ही तर तुमच्याच विकेटवर बॉल मारलात!! दोघांचा आकडा सेम आणि चरबी दुपटीपेक्षा जास्त वेगळी, म्हणजे आकड्याला काहीच कळत नाही हेच झालं की. मूळ हिशोब एकोणिसाव्या शतकातल्या केटले नावाच्या बेल्जियन गणितज्ञाचा, तो सरासरी माणूस शोधत होता, कुणाच्या पोराला तपासत नव्हता. आमच्या तालमीतल्या पोरांचा काढा बीएमआय, निम्मी लठ्ठ निघतील, जोर-बैठका मारून मारून दंड झालेत ते काय चार्टला दिसतात होय. मला लहानपणी सगळे पाप्याचं पितर म्हणायचे, काय बिघडलं? जेवतोय, खेळतोय, झोपतोय ना पोरगा, मग झालं.

कोथरूडकर बाबा
तालमीत जाणारी पोरं किती आणि क्लासवरून येऊन मोबाईल घेऊन बसणारी किती, ते पण सांगा. बीएमआय म्हणजे निदान नाहीच, पुढे बघायला हवं का नको एवढंच तो सांगतो. पुढचं बघणं पण फार अवघड नाहीये. मुलाच्या उंचीएवढा दोरा घ्या, मधोमध दुमडा आणि कमरेभोवती फिरवून बघा, टोकं जुळली नाहीत तर पोटावर चरबी आहे. आणि मानेच्या मागे काळपट, जाडसर, मखमलीसारखा पट्टा दिसतोय का ते बघा, किती आया तो मळ समजून रविवारी उटणं आणि घासणीने घासत बसतात आणि तो निघत नाही कारण तो मळ नसतोच, शरीरात इन्शुलिन नीट काम करत नसल्याची खूण असू शकते ती. आणि 'खातोय-खेळतोय' वर विसंबायचं तर ताईंच्या मुलाच्या आजी पण खूशच आहेत की.

आठवी ब च्या मॅडम
मी शिकवते म्हणून सांगते, तुम्ही सगळे आकड्यावर भांडताय, आकडा घेतात कसा ते बघितलंय का कुणी? वर्गात काटा ठेवायचा, रांग लावायची आणि एकाने मोठ्याने ओरडायचं, '61', दुसऱ्याने लिहायचं. मधल्या सुट्टीपर्यंत त्या मुलीचं नाव 61 पडलेलं असतं. माझ्या वर्गातल्या एकीने त्यानंतर डबा खाणंच सोडलं, पोळी-भाजी तशीच घरी न्यायची. पाळी सुरू होण्याच्या आगेमागे मुलींच्या अंगावर थोडी चरबी येणारच, यायलाच पाहिजे, आणि ते वय नेमकं आरशासमोर उभं राहायचं. कॅलिफोर्नियात 79 शाळांमध्ये तपासून बघितलं होतं, पालकांना बीएमआयचं पत्र पाठवून मुलांच्या वजनात फरक पडला नाही, पण शाळेत वजन केलेल्या मुलांचं स्वतःच्या वजनाबद्दलचं समाधान मात्र कमी झालं. त्यामुळे मी काढा म्हणणाऱ्यांच्या बाजूला.
आणि एक, कार्ड बघून कुणी वाढत्या मुलांना डाएटवर टाकू नका प्लीज. बहुतेक वेळा वजन आहे तिथेच थोपवलं तरी पुरतं, उंची वाढली की बीएमआय आपोआप उतरतो. फारच जास्त असेल तर डॉक्टर ठरवतील.

पेठेतला काडीपैलवान
मॅडमना टाळ्या 👏

वेल्ह्याकडचा
जाड पोरांचंच चाललंय सगळं. महाराष्ट्रात पाच वर्षांखालची 35 टक्के पोरं वयाच्या मानाने बुटकी आहेत, एनएफएचएस-5 मधला, म्हणजे 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातला आकडा आहे. पोराची उंचीच खुंटली आणि वजन पण तेवढंच कमी, की भागाकार नॉर्मल येतो, आणि कार्डावर लिहितात सगळं छान. नुसता बीएमआय नको, उंचीचं टिंब पण चार्टवर काढा, आणि एकाच वर्षाचं नको, मागची दोन-तीन वर्षं जोडून बघा. रेघ चाललीय कुठे ते महत्त्वाचं.

सिंहगड रोडची आई
वेल्ह्याच्या दादांचं एकदम पटलं. पण मला सांगा, ती टिंबं काढणार कोण? एजन्सीची माणसं येतात, काटा ठेवतात, दुपारपर्यंत अख्खी शाळा उरकून पसार. आणि शाळेला मुलांच्या वजनाची एवढीच काळजी असेल तर गेटबाहेर बघा, 2020 च्या एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) नियमाप्रमाणे शाळेच्या गेटपासून 50 मीटरपर्यंत चिप्स, कोल्ड्रिंक असलं काही विकायला नको, आमच्या शाळेच्या भिंतीला चिकटूनच टपरी आहे. त्याबद्दल कार्डावर रकाना नाही!

कोथरूडकर बाबा
टपरीचा मुद्दा मान्य, त्यावर अर्ज करा, मी सही करतो. मॅडमचा पण मान्य, वजन पडद्याआड घ्या, ओरडू नका, मुलांच्या हातात कागदच देऊ नका, बंद पाकिटात पालकांना द्या. पण रकाना राहू दे. सगळ्यांच्याच घरी पँटवरून ओळखणारी आई नसते आणि दरवर्षी मुलाला डॉक्टरकडे नेऊन उंची मोजणारे पालक तर मी फार बघितले नाहीत.

आठवी ब च्या मॅडम
पडदा कोण आणणार हो, आमच्याकडे काटाच एक आहे.

सिंहगड रोडची आई
बंद पाकीट, वयाचा चार्ट आणि मागच्या वर्षीचे आकडे, तिन्ही असेल तर ठेवा, एक जरी कमी असेल तर मी काढा म्हणूनच लिहून देणार आहे. शनिवारी पालक सभा आहे.

कोथरूडकर बाबा
मी चार्टच्या प्रिंट घेऊन येतो, मुलांचा निळा आणि मुलींचा गुलाबी. काढा म्हणालात तर विरोधात हात वर करणार, आत्ताच सांगून ठेवतो.