पोटगी, मुलांसाठीच्या सेवा आणि वडिलांचा सहभाग : सीमाभागातील गावांत ही माहिती मराठीतून कशी पोहोचवावी?

प्रश्न : शिक्षिका, खानापूर तालुका (जि. बेळगाव, कर्नाटक)

नमस्कार. मी तालुक्यातील एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. लेकरांना घेऊन माहेरी परतलेल्या काही मुली आमच्या गावात आहेत आणि त्यांचे नवरे कोल्हापूर, चंदगड किंवा गोव्याकडे कामाला आहेत. मुलांच्या प्रगतिपुस्तकावर पालकाच्या सहीच्या जागी आजोबांचा अंगठा असतो, आणि वह्यांपासून औषधापर्यंतचा सगळा खर्च त्याच आजोबांच्या मजुरीतून भागतो. पोटगीचा दावा लावायचा तर नवऱ्याच्या गावी, म्हणजे महाराष्ट्रात, तारखांना जावे लागेल, अशी सर्वांची समजूत असल्याने कोणी पुढेच येत नाही. अंगणवाडीच्या भिंतीवर १०९८ या मुलांच्या मदतवाहिनीचा फलक लावलेला आहे, पण तो कन्नडमध्ये असल्यामुळे त्यावरील आकडा सोडला तर आमच्या बायकांना काही वाचता येत नाही. महिला संघाच्या बैठकीत ही माहिती द्यावी असे मनात आहे. नेमके काय सांगावे?

उत्तर : वकील, बेळगाव

ताई, सर्वांत आधी तीच समजूत दूर करा. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली असून पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम १२५ ची, म्हणजे पोटगीची, तरतूद आता तिच्या कलम १४४ मध्ये आहे. पत्नी जिथे राहते त्या जिल्ह्यातही हा अर्ज करता येतो, त्यामुळे माहेरी खानापुरात राहणाऱ्या मुलीने कोल्हापूरला खेटे घालण्याचे कारण नाही. शिवाय इथे मिळालेल्या आदेशाची अंमलबजावणी, नवरा जिथे असेल तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडून करून घेता येते. राज्याची हद्द ओलांडली म्हणजे जबाबदारी संपली, असे कोणत्याही बापाला म्हणता येणार नाही.

आईबापांचा विवाह झालेला असो वा नसो, अल्पवयीन मुलाचा पोटगीचा हक्क स्वतंत्र आहे. अंतरिम, म्हणजे अंतिम निकाल लागेपर्यंतच्या, पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, असे कायदा सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात दोन्ही बाजूंनी उत्पन्न व मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र देणे बंधनकारक केले आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असे ठरवून दिले. म्हणूनच ‘बघू, पुढच्या वर्षी’ म्हणत थांबण्यात मुलाचेच नुकसान आहे. थकबाकीच्या वसुलीचा अर्जही ती रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत करावा लागतो, आणि नेमकी हीच मुदत बहुतेक जणी हुकवतात.

वकिलाच्या फीची धास्ती असेल, तर विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार स्त्रिया आणि मुले यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हे आवर्जून सांगा. तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे अर्ज द्यावा किंवा १५१०० वर फोन करावा. मराठी बोलणारा वकील हवा, असे तिथे स्पष्ट सांगावे, आणि कन्नड किंवा इंग्रजीत लिहिलेल्या अर्जाचा मजकूर मराठीत समजावून घेतल्याखेरीज त्याखाली सही करू नये.

उत्तर : निवृत्त मुख्याध्यापक, निपाणी

वकीलसाहेबांनी कायद्याची बाजू नीट मांडली आहे, परंतु बैठक केवळ पैशांपुरती ठेवू नये, अशी माझी विनंती आहे. पोटगी देत नाही म्हणून मुलाला भेटू द्यायचे नाही, आणि भेटू देत नाहीत म्हणून पोटगी द्यायची नाही, या हट्टात मूल दोन्हीकडून भरडले जाते. या दोन गोष्टी कायद्यानेही वेगळ्या आहेत. भेटीचा प्रश्न पालकत्वाच्या कायद्याखाली न्यायालयात सुटतो, आणि पोटगीचा आदेश असेल तर भेट होवो न होवो, ती द्यावीच लागते. ज्या घरात मारहाणीची भीती आहे तिथे मात्र भेटीचा आग्रह कोणीही धरू नये.

जो बाप खरोखर जवळ येऊ पाहतो, त्याला शाळेने दार उघडावे. पालक सभेची सूचना त्यालाही फोनवर द्यावी, परीक्षेचे गुण कळवावेत. पुरुषमंडळींना बैठकीला बोलवायचे असेल तर गणपतीचे किंवा गावच्या यात्रेचे दिवस निवडा, कारण बाहेरगावी कामाला असलेले लोक तेव्हाच घरी सापडतात.

उत्तर : बालसंरक्षण क्षेत्रातील कार्यकर्ती, बेळगाव

पोटगीचा निकाल लागेपर्यंत मुलाच्या शिक्षणाचे काय, हा प्रश्न बैठकीत हमखास येईल. केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्य या बालसंरक्षण योजनेत विधवा, घटस्फोटित किंवा परित्यक्ता आईच्या मुलाला, ग्रामीण भागात कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ७२ हजार रुपयांपर्यंत असल्यास, दरमहा ४,००० रुपयांचे प्रायोजकत्व, म्हणजे मुलासाठीची आर्थिक मदत, मंजूर होऊ शकते. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे करावा. १०९८ हा क्रमांक रात्रंदिवस विनामूल्य चालतो आणि संकटातील मूल स्वतःही त्यावर बोलू शकते, हे मुलांना वर्गात सांगा. त्या फलकाखाली मराठीत हाताने लिहिलेला एक कागद चिकटवण्यास अंगणवाडी सेविका सहसा हरकत घेणार नाहीत.

शिक्षिका, खानापूर तालुका

आपणा सर्वांची मी ऋणी आहे. कागद आजच लिहिते. एकच शंका उरली : दोन मुलांचे जन्मदाखले चंदगड तालुक्यातील ग्रामपंचायतींचे आहेत. ते इथल्या न्यायालयात चालतील का?

वकील, बेळगाव

चालतील. मूळ दाखला जवळ ठेवून अर्जासोबत प्रत जोडावी. लग्नाचा दाखला नसेल तर लग्नपत्रिका, छायाचित्रे किंवा दोघांची नावे असलेले रेशनकार्ड घेऊन यायला सांगा.