आकारच नाही, चित्रही दिसतं

"तुकडे जोडताना सगळं लक्ष आकारावर जातं, चित्र बघायचं राहूनच जातं," असं जिगसॉ कोड्यांबद्दल, म्हणजे चित्राचे तुकडे जुळवायच्या खेळाबद्दल, म्हणतात, ते मला पटत नाही. नुसतं आकाशच आकाश असलेलं चित्र घेतलं तर होतंही तसं. पण सोळाव्या शतकातला फ्लेमिश चित्रकार ब्रूगेल याचं 'मुलांचे खेळ' हे चित्र घेऊन बघा. 1560 सालचं, लाकडी फळीवर रंगवलेलं. मूळ चित्र व्हिएन्नात आहे. दोनशेच्या वर मुलं, ऐंशीच्या आसपास खेळ. बहुतेक तुकड्यांत कुणाचा तरी हात, टोपी नाहीतर पाय येतोच.

गेल्या मे महिन्यात हे हजार तुकड्यांचं कोडं आम्ही घरी लावायला घेतलं. सोलापुरात तेव्हा दुपारी बाहेर पडायची सोयच नसते. फरशीवर तुकडे सरकू नयेत म्हणून खाली चादर अंथरली होती. आजी नुसती बघत बसलेली. डावीकडचा खालचा कोपरा जुळला तशी म्हणाली, "अगं, ह्या सागरगोटे खेळतायत की!" खरंच, दोघीजणी हाडांचे सागरगोटे खेळतायत. खोक्यावरचं चित्र मी कितीदा पाहिलं होतं, पण त्या दोघी कधी दिसल्याच नव्हत्या. त्यानंतर आजी रंगावरून नाही, खेळावरून तुकडे मागायला लागली: "आंधळ्या कोशिंबिरीतला दे, चाक पळवणाऱ्याचा दे."