मदत हवी आहे: जांभ्याच्या भिंतींना जमिनीतून ओल चढतेय

नमस्कार मंडळी. राजापूरजवळ आमचं जुनं जांभ्याचं घर आहे, जोत्यावर डीपीसी (जमिनीतली ओल वर चढू न देणारा थर) नाही. माजघराच्या भिंतींना खालून दोन-अडीच फूट ओल चढते. रंगाचे पोपडे सुटलेत, पांढरा लोणा लागलाय, हात फिरवला की भुगा पडतो. छप्पर आणि पाइप तपासले, गळती नाही.

गवंडी म्हणतो, वॉटरप्रूफ सिमेंटचा गिलावा मारा. मला पटत नाही, कोंडलेली ओल आणखी वर चढेल ना? त्यापेक्षा सध्याचं सिमेंट खरवडून चुन्याचा गिलावा करावा, की जोत्यालगत भोकं पाडून सिलेनचं (पाणी रोखणाऱ्या रसायनाचं) इंजेक्शन द्यावं? जांभ्यात ते सगळीकडे नीट पसरतं का?

आई त्याच खोलीत झोपते, तिला दमा आहे, म्हणून फार काळजी वाटते. कोकणात कुणी हे काम केलं असेल तर पावसाळ्यानंतरचा अनुभव सांगा. चुन्याचं काम जाणणारा गवंडी माहीत असेल तर तेही कळवा.