आधी कॉपरप्लेट नको
तुम्ही थेट कॉपरप्लेटला (टोकदार निबने काढायच्या तिरप्या, वळणदार इंग्रजी अक्षरांना) हात घातलात आणि निब कागदात अडकून शाई उडते म्हणता. उडणारच! ती टोकदार निब दाबावर चालते: वर जाताना हात हलका, खाली येताना दाब. नवख्याला ते जड जातं. त्यापेक्षा सपाट, रुंद टोकाचं पेन घ्या आणि 'फाउंडेशनल हँड' हे साधं, गोलसर इंग्रजी वळण गिरवा. एडवर्ड जॉन्स्टन यांनी (लंडनच्या भुयारी रेल्वेच्या पाट्यांवरची अक्षरं घडवणारे तेच) १० व्या शतकातल्या 'रॅम्सी सॉल्टर' या हस्तलिखितावरून हे वळण बसवलं. निब आडव्या रेघेशी ३० अंशांत धरायची, लहान 'ओ'ची उंची निबच्या रुंदीच्या चौपट. 'पायलट पॅरलल' हे सपाट टोकाचं पेन ३.८ मिमीचं असेल तर साधारण १५ मिमीवर रेघा आखा. अक्षर अगडबंब वाटेल, पण चुका त्यातच दिसतात. मी पहिले पंधरा दिवस नुसते 'ओ' आणि 'एन' काढत होते.

आणि हो, घरात देवनागरीसाठी तासलेला बोरू असला तर तो यासाठी घेऊ नका. त्याचा काप उलट्या बाजूला तिरपा असतो, जाड-बारीक रेघा भलतीकडेच येतात. कागद गुळगुळीत हवा; साध्या वहीच्या पानावर शाई फुटते.