मदत हवी आहे : समुद्रशेवाळाच्या अर्काला येणारा मासळीचा दर्प
घरी अत्तरे तयार करताना मी फ्युकस व्हेसिक्युलोसस या तपकिरी समुद्रशेवाळाचा ॲब्सोल्यूट (द्रावकाच्या मदतीने काढलेला तीव्र सुगंधी अर्क) वापरते. फ्रान्समधील ब्रिटनीच्या किनाऱ्यावर वाढणाऱ्या या शेवाळाचा गडद हिरवा, काकवीसारखा दाट अर्क अल्कोहोलमध्ये 1 टक्का विरघळवून कागदी पट्टीवर घेतला की ओहोटीनंतर उघड्या पडलेल्या खडकांचा खारट वास येतो, आणि तो मला फार प्रिय आहे. कॅलोन या समुद्री वास देणाऱ्या कृत्रिम रसायनातली कलिंगडाची झाक मला नको आहे. मात्र ओकमॉस (ओक झाडांवर वाढणाऱ्या दगडफुलासारख्या वनस्पतीचा अर्क) आणि बर्गमॉट (लिंबूवर्गीय फळाचे तेल) यांच्यासोबत मिसळल्यावर दोन आठवड्यांत त्याला सुक्या बोंबलासारखा दर्प येऊ लागतो, शिवाय पांढऱ्या सुती कापडावर हिरवट डाग पडतो. प्रमाण कमी करावे, की मिश्रण थंड करून गाळावे? हा अर्क प्रत्यक्ष हाताळलेल्यांनी कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे.