मदत हवी: नव्या फ्लॅटमध्ये तबल्याचा ठेका सैल का वाटतो?

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितोय, कारण अर्धवट माहिती देऊन सल्ला मागणं बरं नाही.

नागपुरातल्या महाल भागातलं जुनं घर सोडून आम्ही बेसा रोडकडे फ्लॅटमध्ये राहायला आलो. सिस्टिम तीच आहे: सीडी प्लेयर, स्टिरिओ ॲम्प्लिफायर आणि मागच्या बाजूला पोर्ट (हवा आत-बाहेर जाण्याचं भोक) असलेले बुकशेल्फ स्पीकर. आवाज स्वच्छ येतो, बेस तर पूर्वीपेक्षा जास्तच आहे. पण द्रुत (जलद लयीतला) तीनताल, म्हणजे सोळा मात्रांचा ताल, लावला की ठेका मागे रेलल्यासारखा वाटतो. महालात हीच सीडी लावली की हात आपोआप मांडीवर जायचा. समेकडे, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेकडे, जाताना जी ओढ लागते ती इथे लागत नाही, आणि माझ्यासाठी ऐकण्याचं निम्मं सुख त्या ओढीतच आहे.

लय प्रत्यक्षात कमी झालेली नाही, हे मला ठाऊक आहे. सीडी प्लेयरचा वेग ठरवणाऱ्या क्वार्ट्झ स्फटिकात दहा लाखांत पन्नास भागांची चूक धरली तरी तासाभरात फरक पडेल 0.18 सेकंदाचा. तो कुणाच्याच कानाला कळणार नाही.

एका दुकानात सांगितलं ॲम्प बदला, दुसरीकडे सांगितलं केबल बदला. हा वाद जुना आहे. ब्रिटनमध्ये लिन आणि नेम या ध्वनियंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांच्या चाहत्यांनी ‘पेस, रिदम, टायमिंग’ हा निकष उचलून धरला, ध्वनियंत्रांचे समीक्षक मार्टिन कॉलम्स यांनी 1992 साली त्यावर लेखही लिहिला. मोजमापवाले म्हणतात, असलं काही नसतंच. मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. जे ऐकू येतंय ते खरं आहे, पण त्याचं कारण ॲम्पमध्येच असेल असं कशावरून? ॲम्पच्याच हेडफोन सॉकेटवर ऐकलं तर ठेका अगदी घट्ट लागतो.

म्हणून संशय खोलीवर आहे. खोली 12 बाय 12, उंची 10 फूट. ध्वनीचा वेग सेकंदाला 343 मीटर धरला तर 12 फुटांत पहिली घुमणारी वारंवारता साधारण 47 हर्ट्झ येते, दुसरी 94. लांबी-रुंदी सारखीच, त्यामुळे दोन्ही दिशांचं घुमणं एकाच आकड्यावर साचतं. त्यात दारामुळे एक स्पीकर कोपऱ्यात सरकवावा लागलाय आणि आमचा दिवाण मागच्या भिंतीला टेकलेला आहे. महालातल्या घरात वर कौलं, पायाखाली लाकडी पाटणी, अंगणाकडची दारं सताड उघडी. बेस तिथून निघून जायचा. इथे स्लॅब, फरशी आणि पक्क्या भिंती.

आता खरा मुद्दा. मिनिटाला 240 मात्रांची लय घेतली तर एक मात्रा 250 मिलिसेकंदांची. खालची घुमक अर्धा सेकंद जरी रेंगाळली तरी ती दोन मात्रा व्यापते. तीनतालात दहाव्या मात्रेपासून ‘तिं तिं ता ता’ येतं, तिथे डग्ग्याची (तबल्याच्या जोडीतल्या खर्जाच्या भांड्याची) घुमक मुद्दाम ठेवलेली नसते. ‘खाली’ (तालातली टाळी न देण्याची जागा) कळते ती त्या रिकामेपणावरून. माझ्या खोलीत नवव्या मात्रेचा ‘धा’ दहावीवर सांडतो आणि खाली ही खाली वाटतच नाही. मग समेची ओढ कुठून लागणार? चाटीवरचे (तबल्याच्या कडेवरचे) बोल वेळेवर येतात, डग्गा मात्र फुगत फुगत येतो आणि उशिरा पडल्यासारखा भासतो.

हा तर्क बरोबर आहे का? आणि उपाय काय करू: पोर्टमध्ये स्पंज घालू, कोपऱ्यांत गाद्या उभ्या करू, की इक्वलायझर घेऊ? खोलीत मुलीचा अभ्यास चालतो, त्यामुळे फार सामान भरता येणार नाही.

प्रतिसाद

भाऊ, तर्क बरोबर आहे. ॲम्पचे पैसे खिशातच राहू द्या.

सगळ्यात आधी दिवाण हलवा. भिंतीला लागून 47 आणि 94 दोन्हींचा दाब सर्वात जास्त असतो. डोकं मागच्या भिंतीपासून 4 फुटांवर आलं तर त्या दिशेने दोन्हींचा दाब निम्मा होतो. पण अगदी मधोमध बसू नका, तिथे 47 गायबच होईल आणि डग्गा पोकळ वाटेल. स्पीकरही कोपऱ्यातून काढा, मग भले दुसरा थोडा आत घ्यावा लागो.

गाद्यांवर भरवसा ठेवू नका. 47 हर्ट्झच्या तरंगाचा पाव भागच 6 फुटांचा आहे, चार इंचांची गादी त्याला काय धरणार? वरची चमक तेवढी मरेल. स्पंज मात्र घालून पाहा, खर्च काहीच नाही.

एवढ्यावर भागलं नाही तर इक्वलायझरने 47 हर्ट्झवर काप द्या, म्हणजे तेवढाच आवाज कमी करा. असं घुमणं खाली आणलं की त्या बैठकीपुरतं त्याचं रेंगाळणंही कमी होतं. जिथे आवाज पडलाय तिथे मात्र वाढवू नका. आणि काप अगदी अरुंद ठेवू नका: ध्वनीचा वेग तापमानाबरोबर वाढतो. 15 अंशांना तुमच्या खोलीचा आकडा 46.5 च्या आसपास असेल, मे महिन्यात 45 अंशांना 49 वर जाईल. आपल्या नागपुरात हा फरक धरावाच लागतो.

धागाकर्ता

मनापासून आभार. दिवाण पुढे ओढला आणि दार उघडं ठेवून ऐकलं. खाली आता स्पष्ट कळते. विलंबितात (संथ लयीत) अजून थोडी घुमक उरलीय, ती 94 ची असावी. त्यासाठी वेगळा काप देऊ की आधी स्पीकर त्यांच्या मागच्या भिंतीपासून आणखी पुढे घेऊ? आणि ही घुमक मोजण्यासाठी नागपुरात कुणाकडे मापनाचा माइक असेल तर कृपया कळवा, मी येऊन घेऊन जाईन आणि परत आणून देईन.