एचओ (१:८७ मापाची मॉडेल रेल्वे) बॉक्सकार, म्हणजे बंद मालडबा, १९५५ च्या अमेरिकी रेल्वेला साजेशी कशी करावी?

प्रश्न: ४० फुटी स्टील बॉक्सकार आहे, स्केल १:८७. आधी काय बदलू?

उत्तर १: डबा उलटा करा. के-ब्रेक (जुन्या पद्धतीचा हवेचा ब्रेक) असेल तर काढा. १९५३ नंतर तो इंटरचेंजमध्ये, म्हणजे एका रेल्वे कंपनीचे डबे दुसरीच्या मार्गावर जाताना, चालत नव्हता. त्याच्या जागी आलेल्या एबी ब्रेकचा सिलिंडर, टाकी, व्हॉल्व्ह सुटे दिसायला हवेत. छतावरची चालायची फळी राहू द्या, ती नव्या डब्यांवरून १९६६ पासून गेली.

उत्तर २: चाकं ३३ इंची, म्हणजे ९.६ मिमी. २.२ मिमी रुंदीची दिसतात झकास, पण सांध्याच्या फ्रॉगमध्ये (रूळ एकमेकांना छेदतात तिथल्या फटीत) आपटतात! ६ इंची मॉडेलचं वजन ४ औंस ठेवा, सुमारे ११३ ग्रॅम.

प्रश्नकर्ता: साच्यातच आलेले जाडजूड हातदांडे?

उत्तर १: तासून टाका. ०.३ मिमी पितळी तार, भोकं ०.३५ ची. सुपरग्लू आतून लावा. बाहेरून लावला की पांढरट डाग पडतो.